लेकीच्या अभ्यासाला बसलेला बाप

गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या त्या माणसाला सगळे कुशनवाले म्हणत. त्यांना नाव होतं, पण ते बँकेत आणि मतदानाला तेवढं लागायचं. गॅरेजांच्या गल्लीत शेवटचं दुकान त्यांचं. एका भिंतीला रेक्झिनचे गुंडाळे टेकवलेले, कोपऱ्यात खचलेल्या सीटांचा ढीग, पायाखाली फोमचा भुगा आणि दारात, भरपूर उजेडात, जाड सुईचं मशीन. ट्रकवाला असो की स्कूटरवाला, नव्या सीटवर बसवून बघितल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला सोडत नसत. "बसा. जरा हला. आता उठा," एवढंच म्हणायचे आणि तो उठताना त्याच्या तोंडाकडे बघायचे.

बोलण्याचं खातं बायकोकडे होतं. फोम कापायचं काम तिचं, गिऱ्हाइकाशी घासाघीस तिची, गल्लीतल्या प्रत्येकाची खबरबात तिच्याकडे. ती म्हणायची, "आमच्या ह्यांना तोंड दिलंय ते सुया धरायला." आणि खरंच, शिवताना त्यांच्या ओठांत सुई असायचीच.

मुलगी एकच. ती शाळेत जायला लागली तसं दुकानातल्या एका उलट्या खोक्यावर तिचं दप्तर आलं. संध्याकाळी कुशनवाले मशीनवर बसायचे आणि हाताच्या अंतरावर ती अभ्यासाला. त्यांचं स्वतःचं शिक्षण आठवीत सुटलेलं. मुलीच्या पुस्तकातलं त्यांना पहिली काही वर्षं कळलं, मग कळेनासं झालं. पण त्यांचं बसणं चालूच राहिलं. ती मोठ्यानं वाचायची आणि थांबली की ते मशीनच्या पायट्यावरचा पाय उचलून म्हणायचे, "पुढे?" ती खिडकीबाहेर बघायला लागली की मशीन बंद व्हायचं. "काय गं, गाडी थांबली?" ती हसून पुन्हा पुस्तकात डोकं घालायची. गणित अडलं तर ते म्हणत, "मला समजावून सांग." समजावता समजावता तिचं तिलाच सुटायचं.

वर्गात पहिल्या पाचांत तिचा नंबर ठरलेला. शिक्षक विचारत, शिकवणी कुठे लावलीय? कुशनवाले लाजून म्हणायचे, "शिकवणी कसली, मी नुसता बसतो." पण हे सांगताना त्यांची मान थोडी ताठ व्हायची. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यांना शिलाईपेक्षा बरी जमली होती.

बायको मात्र अधूनमधून टोकायची. "अहो, एखाद्या दिवशी तिला एकटीला बसू द्या की. उद्या सासरी पण जाऊन बसणार आहात का तिच्या शेजारी?"

"तेव्हाचं तेव्हा," ते म्हणायचे.

बारावीनंतर मुलीला फार्मसीला प्रवेश मिळाला, तो दूरच्या मोठ्या शहरात. बसनं अर्धा दिवस जायचा. दोघं तिला हॉस्टेलवर सोडून आले. परतीच्या बसमध्ये बायको डोळे पुसत होती आणि कुशनवाले शेजारच्या सीटची उसवलेली शिवण उगाच बोटानं दाबत होते.

पहिल्या वर्षाचा निकाल लागला आणि मुलगी तीन विषयांत नापास झाली.

सुट्टीत ती घरी आली. मग दुकानात, त्याच उलट्या खोक्यापाशी बसून तिनं सगळं सांगितलं. "बाबा, मी आळस केला नाही हो. सकाळपासून पुस्तक उघडून बसायचे." तिनं पुस्तक काढून दाखवलं. पानंच्या पानं पिवळ्या पेननं रंगवलेली. एक ओळ सुटली नव्हती. "वाचताना वाटायचं, येतंय. पेपरात बसले की पाटी कोरी. मग कंटाळा यायचा, मोबाईल बघायचे, मग स्वतःचाच राग यायचा, मग परत पुस्तक. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तर झोपलेच नाही. आणि..." ती थांबली. "तिथे कुणी 'पुढे?' म्हणायला नसतं."

त्या शेवटच्या वाक्यानं कुशनवाल्यांच्या काळजाला हात घातला. दुसरा एखादा बाप म्हणाला असता, आता मोठी झालीस, शीक एकटी बसायला. यांना तसं म्हणवेना. उलट आपण अर्ध्यावर काम सोडून आलो, असं त्यांना वाटलं. आठवडाभरात त्यांनी ठरवून टाकलं: त्या शहरात खोली घ्यायची, दिवसा तिथल्या एखाद्या सीटवाल्याकडे काम करायचं, संध्याकाळी मुलीपाशी बसायचं.

बायको फोम कापत होती. कात्री तशीच धरून तिनं विचारलं, "आणि मी?"

"दुकान कुणीतरी बघायला हवं ना. हाताखाली एखादा कारागीर घे. वर्षाचा तर प्रश्न आहे."

"मी पण येते. दुकान राहील बंद वर्षभर."

"वर्षभर बंद राहिलं तर गिऱ्हाईक परत येतं होय? आणि खोली केवढीशी असणार."

तिनं कात्री खाली ठेवली. मग म्हणाली, "बघा. तुमचं ठरलंच आहे तर मी कोण मोडता घालणारी."

खोली दुसऱ्या मजल्यावर मिळाली. खाली लाँड्री होती, त्यामुळे दिवसभर इस्त्रीचा गरम, ओलसर वास वर यायचा. एक टेबल, दोन खुर्च्या, पडद्यापलीकडे मुलीचा पलंग, अलीकडे यांची सतरंजी. कुशनवाल्यांनी आल्या आल्या दोन्ही खुर्च्यांना गाद्या शिवल्या. दिवसा ते एका मोठ्या वर्कशॉपमध्ये जायचे. तिथे त्यांना कुणी फार विचारत नसे. कटिंग दुसरा करायचा, यांनी नुसत्या शिवणी मारायच्या. संध्याकाळी हातपाय धुऊन ते खुर्चीवर बसत आणि मुलगी पुस्तक उघडे.

"पुढे?"

जुनी गाडी पुन्हा सुरू झाली. राहिलेले तीन विषय सुटले. फोनवर त्यांनी बायकोला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज एखाद्या पास झालेल्या पोरासारखा होता.

"झालं तर मग," ती म्हणाली. "आता येता का घरी?"

"आत्ता कुठे रुळावर येतेय. हे वर्ष जाऊ दे."

ते खोटं नव्हतं. मुलगी अजून दर दहा मिनिटांनी पुस्तकातून मान वर करून त्यांच्याकडे बघायची. ते बाहेर गेले की तिचं वाचन थांबायचं.

बदल झाला तो एका मैत्रिणीमुळे. वर्गातली ही मुलगी बाकीच्यांपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी होती. आधी औषधाच्या दुकानात नोकरी करून मग शिकायला आलेली. ती वेळेवर जेवायची, वेळेवर झोपायची, परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा फिरायला जायची, म्हणून वर्गानं तिला आजीबाई नाव ठेवलं होतं. एकदा ती खोलीवर आली. टेबलावरचं पिवळंधमक पुस्तक तिनं उचललं, दोन पानं चाळली आणि मिटलं.

"सांग आता यात काय होतं."

मुलगी चाचरत दोन वाक्यं बोलली आणि अडली.

"म्हणजे तू पान रंगवलंस. वाचलं नाहीस," आजीबाई शांतपणे म्हणाली. "थोडंच वाचायचं. मिटायचं. मग स्वतःच्या शब्दांत सांगायचं. जिथे अडशील तेवढंच परत उघडून बघायचं. वर्गात शिकवलेलं त्याच दिवशी एकदा डोळ्यांखालून घाल. चार दिवसांनी पुन्हा स्वतःला विचार. परीक्षेत पुस्तक उघडं नसतं, मग घरी का उघडं ठेवतेस?"

"एवढं सोपं असतं तर सगळेच पास झाले असते."

"सोपं नाही. पुस्तक मिटलं की आपल्याला काहीच येत नाही हे कळतं. ते कुणाला आवडतं सांग?"

कुशनवाले कोपऱ्यात चहा गाळत होते. ही मुलगी हुशार आहे, एवढंच तेव्हा त्यांच्या मनात आलं.

सुरुवातीला मुलीच्या नाकी नऊ आले. पुस्तक मिटायची आणि रडकुंडीला यायची. मोबाईल पिशवीत घालून पिशवी खुंटीला टांगायची आणि दर थोड्या वेळानं खुंटीकडे बघायची. एकदा तर चिडून तिनं पिवळा पेन काढला आणि परत रंगवायला बसली. पण हळूहळू तिची बसण्याची जागा, वेळ, सगळं ठरत गेलं. वह्यांच्या मागे ती स्वतःच प्रश्न काढायला लागली. डोकं चालेनासं झालं की ओढूनताणून बसण्याऐवजी जिना उतरून लाँड्रीवाल्या मावशींशी दोन गोष्टी करून यायची आणि परत बसायची.

अशाच एका संध्याकाळी ती पुस्तक मिटून, भिंतीकडे तोंड करून, हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या औषधांविषयी पुटपुटत होती. मध्येच थांबली. कुशनवाले सवयीनं म्हणाले, "पुढे?"

"थांबा ना बाबा. आठवतेय मी."

तिचा आवाज चढला नव्हता. पुढच्याच क्षणी तिला आठवलंही आणि ती भराभर बोलायला लागली. पण कुशनवाले गप्प झाले. इतक्या वर्षांत त्यांचा तो शब्द पहिल्यांदा मध्ये आला होता. त्यानंतर त्यांनी तो जपून वापरला, मग वापरायचा सोडूनच दिला. ते नुसते बसत.

पुढच्या वर्षी मुलगी कॉलेज सुटल्यावर लायब्ररीत थांबायला लागली. आजीबाई आणि ती समोरासमोर बसत, एकमेकींना प्रश्न विचारत. संध्याकाळी ती खोलीवर आली की तिचा चेहरा मोकळा असायचा, दिवसाचं काम उरकलेल्या माणसासारखा. तरी जेवणाआधी ती टेबलाशी बसायची, पुस्तक उघडायची, आणि कुशनवाले शेजारी खुर्ची ओढून बसायचे.

ती वाचत नाही हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं. जन्मभर त्यांनी माणसं बसताना पाहिली होती; कोण टेकून बसलंय आणि कोण अवघडून, हे त्यांना पाठीवरून कळायचं. तिची पानं एका चालीनं उलटत होती. कुठे अडत नव्हती, कुठे मागे जात नव्हती. अभ्यास लायब्ररीत झाला होता. इथे ती बापासाठी बसत होती. आणि आता हा बापही कुणासाठी बसत होता, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

त्या दिवशीच त्यांनी पिशवी भरायला हवी होती. तुझं तुला जमलं पोरी, मी निघतो, एवढं एक वाक्य. ते वाक्य त्यांनी मनात कितीदा तरी शिवलं आणि उसवलं. पण वर्कशॉपमध्ये त्यांना कुणी ओळखत नव्हतं, आणि इथे संध्याकाळी जिना चढताना लाँड्रीवाल्या मावशी म्हणायच्या, "चाललात का लेकीच्या अभ्यासाला? असा बाप बघितला नाही बाई." त्या वाक्यावर त्यांचा दिवस निघायचा. आणि घरी जायचं म्हणजे काय म्हणून जायचं? काम संपलं म्हणून. मुलीला आपली गरज उरली नाही म्हणून. ते त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

बायकोचा फोन आला की ती विचारायची, "काय म्हणतोय अभ्यास?"

"अजून जरा कच्चंच आहे. सोडून आलो तर घसरेल परत."

"बरं."

खोली घेतल्याच्या पहिल्या वर्षी ती फोनवर गल्लीतलं सगळं सांगायची. कुणाचं गॅरेज विकलं, कारागिरानं कुठली सीट उलटी बसवली. त्यावर दोघं हसायची. दुसऱ्या वर्षी फोन आखूड होत गेले. एकदा ती म्हणाली, "मी आठ-दहा दिवस ताईकडे जाऊन येते. तिथे फोन नीट लागत नाही, काळजी करू नका." त्यांनी काळजी केली नाही. मुलीची परीक्षा चालू होती. ते रोज तिला कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडायला जात आणि पेपर सुटेपर्यंत समोरच्या बाकावर बसत.

शेवटच्या वर्षाचा निकाल उत्तम लागला. मुलीला त्याच शहरात एका हॉस्पिटलच्या औषध विभागात नोकरी मिळाली. आता मात्र थांबायला कुठलंच निमित्त उरलं नाही. ते घरी आले.

बायकोनं हसून दार उघडलं, पिशवी हातातून घेतली. सगळं होतं तसंच होतं आणि तरीही काहीतरी जागचं हललेलं होतं. दुकानात मशीन आत सरकलं होतं. दारातल्या उजेडात आता कटिंगचं टेबल होतं, कारण तिथे तिला बरं दिसायचं. ती लवकर जेवायची. ते आल्यावर तिनं पहिले दोन दिवस वाट बघितली, मग म्हणाली, "मला आता उशिरा जेवलेलं सोसत नाही हो. तुमचं झाकून ठेवते." संध्याकाळी काम आवरलं की ती एकटीच चक्कर मारायला जायची. त्यांनी विचारलं, "मी येऊ?" ती म्हणाली, "या की." पण चालताना दोघांना बोलायला काही सुचेना. गल्लीतल्या गोष्टी तिनं सांगायच्या, पण त्यातली निम्मी माणसं आता त्यांना ठाऊक नव्हती.

महिनाभरानं गल्लीतला पंक्चरवाला सीट शिवायला घेऊन आला. जाता जाता म्हणाला, "वहिनी आता टुणटुणीत दिसतात. ऑपरेशन झालं तेव्हा फार उतरल्या होत्या. माझ्या बायकोनं डबा पोचवला हॉस्पिटलात, तर म्हणतात कशा, डब्याबरोबर गप्पा मारायला माणूस पण ठेवून जा."

कुशनवाल्यांच्या ओठांतली सुई खाली पडली. ती शोधायच्या निमित्तानं ते बराच वेळ वाकून राहिले.

आधी त्यांनी मुलीला फोन केला. तिलाही काही ठाऊक नव्हतं. ती फोनवर रडली, आणि रडता रडता म्हणाली, "बाबा, खरं तर तिसऱ्या वर्षापासून माझं मला जमत होतं. मीच तुम्हाला सांगायला हवं होतं, जा म्हणून. पण तुम्ही दुकान सोडून आलेलात. तुम्हाला काय वाटेल, असं वाटायचं."

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"तू नुसती पानं उलटायचीस ते."

दोघांनी दोन वर्षं एकमेकांचं मन राखलं होतं, आणि त्याची झळ ज्या माणसाला लागली त्याला दोघांपैकी कुणीच विचारलं नव्हतं.

संध्याकाळी बायको धुतलेले कपडे घडी करत होती. ते समोर जाऊन बसले. काय विचारायचं याची जुळवाजुळव त्यांनी दिवसभर केली होती, तरी तोंडून निघालं ते एवढंच, "ताईकडे गेलीच नव्हतीस ना?"

तिनं हातातला सदरा घडी करून पूर्ण केला. "पंक्चरवाल्यानं सांगितलं वाटतं. त्याच्या पोटात काही राहत नाही. गर्भाशयाचं होतं. काढून टाकलं, संपलं. ताईच आली होती इथे."

"मला सांगायचं नाही?"

"तिची परीक्षा होती."

"म्हणून काय झालं? एक फोन करायचास."

"केला असता तर आला असतात?"

तिनं ते भांडायला म्हणून विचारलं नव्हतं. खरोखर जाणून घ्यायला विचारावं तसं विचारलं होतं. आणि कुशनवाल्यांना वाटलं, आपण लगेच हो म्हणू. पण तोंड उघडलं आणि त्यांना ते फाटक आठवलं, तो बाक, पेपर देऊन येणाऱ्या मुलीची वाट बघतानाचं ते समाधान. आलो असतो, एखादेवेळी. किंवा म्हणालो असतो, एवढा पेपर होऊ दे. त्यांना कळेना. इतक्या वर्षांच्या बायकोला या प्रश्नाचं उत्तर आपण छातीठोकपणे देऊ शकत नाही, याचीच त्यांना शरम वाटली.

"तिला मी लागत नव्हतो गं," अखेर ते म्हणाले. "शेवटची दोन वर्षं तर मुळीच नाही. मला समजलं होतं. तरी मी राहिलो."

घडी करणारे तिचे हात थांबले. हे तिला नवीन होतं. तिनं कपडे बाजूला सारून विचारलं, "मग आला का नाहीत हो?"

"इकडे काय म्हणून येऊ, असं वाटायचं."

"काय म्हणून म्हणजे?" ती म्हणाली. तिनं कपड्यांचा गठ्ठा उचलला आणि आत नेऊन ठेवला. रात्री ती रोजच्यासारखीच बोलली, म्हणजे थोडंसं.

त्यानंतर तो विषय त्या दोघांत निघाला नाही. मुलगी मात्र दर सुट्टीला येते. पुढच्या परीक्षेची तयारी करते आहे, पुस्तक मिटून स्वतःशी पुटपुटत घरभर फिरते आणि कुणी जवळ असण्या-नसण्यानं तिला काही फरक पडत नाही. आईला जमेल तेवढी मदत करते. एकदा कुशनवाल्यांनी ऐकलं, ती आईला सांगत होती, "चूक माझी होती गं." आई म्हणाली, "तुझी काय चूक, तू शिकत होतीस." ते दाराबाहेर उभे होते. पुढचं नाव आपलं येईल म्हणून ते थांबले. पण ते आलं नाही.

बायकोला वर्षातून दोनदा तपासणीला जावं लागतं. आता कुशनवाले दुकान बंद ठेवून तिच्याबरोबर जातात. हॉस्पिटल मोठं आहे, त्यांना तिथलं काही समजत नाही. तिला सगळं पाठ आहे: नाव कुठल्या खिडकीवर लावायचं, रक्त कुठे द्यायचं, कुठल्या बाकावर पंख्याचा वारा येतो, कुठली नर्स रागीट आणि कुठली प्रेमळ. हे सगळं ती एकटीनं शिकली होती. ती पुढे झपझप चालते, आणि ते हातात तिच्या तपासण्यांची पिशवी धरून मागे. कधी वळणावर ती दिसेनाशी झाली की ते गोंधळून थांबतात. मग ती परत येते आणि म्हणते, "इकडून हो. चला."